पुढचा दात पडला, पोरगं अजून वाढीच्या वयात आहे, आता काय करायचं? वाचकांचे प्रश्न आणि दातांच्या डॉक्टरांची उत्तरं

उन्हाळ्याची सुट्टी आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली की आमच्याकडे एका विषयाची पत्रं वाढतात, पोराचा नाहीतर पोरीचा पुढचा दात पडला किंवा तुटला. कोणी झोक्यावरून पडतं, कोणाच्या तोंडावर हापशाचा दांडा बसतो, कोणी मोटरसायकलवर मागे तिसरं बसलेलं असतं. यावेळी जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतून पत्रं आली आणि जवळपास सगळी पोरं दहा ते सतरा वयातली, म्हणून हे पूर्ण सदर त्यांच्यासाठीच दिलंय. नावं छापलेली नाहीत, पोरांना शाळेत त्रास नको.

प्रश्न: डॉक्टरसाहेब, माझा मुलगा 14 वर्षांचा आहे, नववीला. चार महिन्यांपूर्वी कबड्डी खेळताना समोरच्याचं डोकं तोंडावर बसलं आणि वरचा पुढचा एक दात मुळासकट पडला, मैदानात खूप शोधला पण सापडला नाही. एका दवाखान्यात म्हणाले लगेच इम्प्लांट करून टाका, नंतर हाड राहणार नाही. दुसरीकडे म्हणाले बाजूचे दोन दात घासून तीन दातांची फिक्स कॅप बसवू, आठ दिवसांत काम होईल. तिसऱ्यांनी सांगितलं अठरा वर्षांचा होऊ द्या, तोवर काहीच करू नका. केळीचे पैसे आलेत, खर्चाची तयारी आहे, पण ऐकू कोणाचं? पोरगं हसायचंच बंद झालंय, बोलताना तोंडावर हात धरतं, शाळेत जायला पण कुरकुर करतं.
— एक वडील, यावल तालुका

उत्तर: भाऊ, तिघांच्याही सांगण्यात थोडं थोडं खरं आहे, पण तुमच्या पोराला तिन्हीपैकी एकही जसंच्या तसं लागू पडत नाही. एकेक घेतो.

आधी इम्प्लांट. इम्प्लांट म्हणजे टायटॅनियमचा स्क्रू, तो जबड्यात बसवला की काही महिन्यांत हाड त्याला थेट चिकटतं, मधे काहीच राहत नाही. स्वीडनच्या ब्रानेमार्क यांनी 1965 साली पहिल्यांदा पेशंटला असा इम्प्लांट बसवला आणि मोठ्या माणसांसाठी आज त्याच्यासारखा इलाज नाही, हे मी पण मानतो. पण आपला खरा दात हाडाला असा चिकटलेला नसतो, त्याच्या मुळाभोवती बारीक तंतूंची एक गादी असते आणि त्या गादीमुळे जबडा वाढतो तसा दात पण हाडासकट खाली आणि पुढे सरकत जातो. चौदा वर्षांच्या पोराचा जबडा अजून भरपूर वाढायचाय. केळीच्या बागेत रोवलेला खांब बागेबरोबर वाढत नाही, तसा इम्प्लांट आहे तिथेच राहतो आणि बाजूचे दात खाली उतरत जातात. म्हणजे आज एकदम बरोबर दिसणारा दात तीन-चार वर्षांत आखूड दिसायला लागतो, त्याची हिरडी बाजूच्यापेक्षा वर राहते, हसलं की तेच आधी दिसतं. बरं, खरा दात असता तर तार लावून ओढून आणता आला असता, इम्प्लांट तारेने हलत नाही, काढायचा म्हटलं तर भोवतीचं हाड पण काढावं लागतं. स्वीडनमधे तरुण पोरापोरींना बसवलेल्या इम्प्लांटवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून हे नीट बघितलं गेलंय, ही काही माझी एकट्याची भीती नाही. जन्मतःच जवळपास एकही दात नसलेली काही मुलं असतात त्यांना खालच्या जबड्यात पुढे लवकर इम्प्लांट देतात, पण ती गोष्टच वेगळी, तुमच्या पोराला ते लागू नाही.

मग तीन दातांची कॅप. हिचा मला जास्त राग येतो कारण ती सोपी दिसते आणि लवकर होते. या वयात दाताच्या आतली नस मोठी असते, कॅप बसवायला दात चारही बाजूंनी घासला की नसेपर्यंत पोचायला वेळ लागत नाही, ती मेली की चांगल्या दाताचं रूट कॅनाल. म्हणजे गेला एक दात आणि आयुष्यभराचे पेशंट झाले तीन. शिवाय हिरडी अजून वर सरकायचीय, ती सरकली की कॅपची कड उघडी पडते. आणि तुमचं पोरगं कबड्डी खेळतं, अजून एक टक्कर बसली तर तिन्ही एकदम जातील. बाजूचे दोन दात धडधाकट असतील तर त्यांना कोणालाही घासू देऊ नका, हे मी अगदी हात जोडून सांगतो.

आता तिसरे डॉक्टर, काहीच करू नका म्हणणारे. इम्प्लांटला थांबा हे त्यांचं बरोबर आहे, पण जागा तशीच मोकळी ठेवली तर बाजूचे दात काही महिन्यांतच त्या जागेत कलायला लागतात, दातांची मधली रेघ एका बाजूला सरकते आणि मग पुढे इम्प्लांट करायची वेळ आली की जागाच पुरत नाही, आधी वर्षभर तार लावा. हे झालं दातांचं. पण पोरगं तोंडावर हात धरून शाळेत बसतं हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, मला विचाराल तर ते सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं. चौदा-पंधरा वय म्हणजे आरशासमोर उभं राहायचं वय. त्याला चार-पाच वर्षं थांब म्हणणं हा इलाज नाही. दात त्याला आत्ताच पाहिजे, फक्त तो पर्मनंट नसावा.

तर करायचं असं. या आठवड्यातच माप देऊन एक दात असलेली काढघालीची छोटी प्लेट करून घ्या, ती दोन-चार दिवसांत मिळते आणि सगळ्यात स्वस्त असते. रंग बाजूच्या दाताला मॅच करून घ्या, दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली नको. यात पोराला काही टोचत नाही, घासत नाही, आणि जागा पण धरून ठेवली जाते. रात्री काढून पाण्यात ठेवायची, गरम पाण्यात नाही, ब्रशने धुवायची. खेळताना मात्र काढूनच ठेवायची, हे कडकपणे सांगा, कारण प्लेट प्लास्टिकची असते, धक्क्यात तुटून तुकडा घशात गेला तर एक्सरेत सुद्धा धड दिसत नाही.

त्याच्यानंतर, हिरडी भरून आली की, मेरीलँड ब्रिज म्हणतात तो करा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात 1980च्या सुमारास ही पद्धत पुढे आली म्हणून ते नाव. खोट्या दाताला मागच्या बाजूने एक पातळ पंख असतो, तो शेजारच्या दाताच्या मागे खास सिमेंटने चिकटवतात, दात घासायचा प्रश्न जवळपास येतच नाही, पुढून काही दिसत नाही आणि काढघाल पण नाही. इथे एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा, पंख एकाच बाजूला देणार की दोन्ही? ऐकायला दोन पंख मजबूत वाटतात पण अनुभव उलटा आहे. जर्मनीत कील इथे मथियास केर्न यांनी सिरॅमिकचे असे ब्रिज दहा-दहा वर्षं तपासले, एका पंखाचे नव्वद टक्क्यांच्या वर टिकले आणि दोन पंखांचे पाऊणशेच्या आसपास. कारण दोन दात चावताना वेगवेगळे हलतात, मग एक पंख सुटतो, दुसरा धरून राहतो, पेशंटला कळत पण नाही आणि सुटलेल्या पंखाखाली कीड लागते. एका पंखाचा सुटला तर सरळ हातात येतो, पुन्हा चिकटवून घ्यायचा, नुकसान काही नाही. आणि वाढत्या वयात दोन दात एकमेकांना बांधून ठेवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. अगदी त्याच दिवशी काही पाहिजे असेल तर फायबरची पट्टी लावून कंपोझिटचा, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरायच्या मसाल्याचा, दात पण खुर्चीतच बसवता येतो, तो टेंपररी म्हणून चांगला.

हाडाचं म्हणाल तर हाड बारीक होतं हे खरं आहे, दात गेल्यावर पहिल्या वर्षात जास्त होतं. पण म्हणून चौदाव्या वर्षी इम्प्लांट घालायचा नसतो, पुढे गरज पडली तर इम्प्लांटच्या वेळी हाड भरता येतं.

थांबायचं किती, हे नुसत्या वाढदिवसावरून ठरत नाही. पोरींची वाढ साधारण सतरा-अठराला मंदावते, पोरांची विशी-एकविशीपर्यंत चालते, आणि वरच्या पुढच्या दातांच्या जागी तर त्यानंतर पण थोडी थोडी हालचाल राहते म्हणून हल्ली बरेच तज्ज्ञ पंचविशीकडे झुकू द्या म्हणतात. घरी एक करा, दाराच्या चौकटीवर दर सहा महिन्यांनी त्याची उंची पेन्सिलने लिहून ठेवा, तारखेसकट. उंची वाढायची थांबली की मग डॉक्टर बाजूने डोक्याचा एक एक्सरे काढतील, साधारण वर्षाने दुसरा, दोन्हीत फरक नसला की इम्प्लांटचा विचार. केळीचे पैसे बँकेत ठेवा भाऊ, तेव्हा लागतील. आणि तोवर मेरीलँड नीट चालला असेल आणि पोरगं खूश असेल तर इम्प्लांट केलाच पाहिजे असं पण काही नाही.

प्रश्न: मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक आहे. मागच्या वर्षी एका मुलाचा दात मैदानात पडला, आम्ही कागदात गुंडाळून दुसऱ्या दिवशी नंदुरबारला घेऊन गेलो तर डॉक्टर म्हणाले उशीर झाला. नेमकं काय करायला पाहिजे होतं? आमच्याकडून गाडी मिळून दवाखान्यात पोचायलाच किती वेळ जातो.
— एक शिक्षक

उत्तर: सर, हे पत्र मला प्रत्येक शाळेच्या नोटीस बोर्डावर लावावंसं वाटतं. चांदसैली घाट उतरून डॉक्टरपर्यंत पोचायचं म्हणजे काय ते आम्हाला कळतं, म्हणूनच सांगतो की तुमच्याकडे दात वाचवणारा माणूस डॉक्टर नसतो, तुम्ही असता.

पोरगं आधी बघा. बेशुद्ध पडलं का, उलटी झाली का, बोलताना अडखळतंय का, असं काही असेल तर दात राहू द्या, आधी मोठ्या दवाखान्यात. ते ठीक असेल तर दात शोधायला बाकीच्या पोरांना लावा. दात सापडला की पांढऱ्या भागाला धरायचं, मुळाला बोट लावायचं नाही. माती लागलेली असेल तर दुधाने नाहीतर सलाइनने विसळायचा, काहीच नसेल तर वाहत्या गार पाण्याखाली काही सेकंद, बस. घासायचा नाही, रुमालाने पुसायचा नाही, साबण नाही, डेटॉल नाही, कारण मुळावर ज्या जिवंत पेशी असतात त्यांच्यावरच सगळं अवलंबून आहे. आणि मग, इथे सगळे घाबरतात, दात त्याच खड्ड्यात परत बसवायचा. बाजूच्या दाताकडे बघून पुढची बाजू पुढे ठेवायची, हळू दाबायचं, सहसा जातो. मग स्वच्छ रुमाल दातांमधे धरून चावून ठेवायला सांगायचं आणि निघायचं. इजा ताजी असते तेव्हा ते जागेवर बसवणं वाटतं तितकं दुखत नाही.

नाहीच जमलं, पोरगं रडतंय, हात थरथरतायत, तर दात दुधात टाका. साधं, गार दूध, ताक नाही दही नाही. आश्रमशाळेत दूध नसेल त्या दिवशी शेजारच्या पाड्यावर कोणाकडे तरी म्हैस नाहीतर शेळी असेलच. तेही नाही तर पोराला वाटीत थुंकायला सांगा आणि त्या थुंकीत दात ठेवा. पाण्यात ठेवणं चांगलं नाही, पण कोरडा ठेवण्यापेक्षा पाणी बरं. कोरडा दात तासाभरात मुळावरच्या पेशी जवळपास सगळ्या गमावतो, कागदात गुंडाळलेल्या दाताचं तेच झालं.

पण उशीर झाला म्हणून टाकून देऊ नका, हे मुद्दाम लिहितोय. दंत इजांसाठीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 2020च्या मार्गदर्शक सूचनांत सुद्धा उशिरा आणलेला पक्का दात शक्यतो परत बसवाच असं आहे. तो कायमचा टिकणार नाही, पण काही वर्षं पोराचा स्वतःचा दात तोंडात राहतो आणि हाड राहतं, आणि वर यावलच्या भाऊंना जे सांगितलं ते थांबण्याचं वय त्याच्यावर पार पडतं.

डॉक्टर मग पातळ तारेने तो दोनेक आठवडे बाजूच्या दातांना बांधून ठेवतील, मुळाचं टोक बंद झालेलं असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करतील, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारतील. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. पुढचे पक्के दात वयाच्या सहा ते नऊ वर्षांत येतात त्यामुळे तुमच्या चौथीच्या पुढच्या पोरांचे पुढचे दात पक्केच धरा. तुकडा पडला असेल तर तोही दुधात नाहीतर पाण्यात आणा, बऱ्याचदा तोच चिकटवता येतो, आणि तुकडा सापडला नाही आणि ओठ फाटलेला असेल तर डॉक्टरांना सांगा, तो ओठात रुतलेला असू शकतो. पूर्ण दातच सापडला नाही तरी सांगा, श्वासात गेला असेल का ते बघावं लागतं.

कबड्डीच्या टीमला माउथगार्ड, म्हणजे दातांवर घालायचं मऊ कवच, घ्या. माप घेऊन केलेला सगळ्यात चांगला, तो घालून कबड्डी कबड्डी म्हणता येतं, थोडी सवय लागते. तेवढं बजेट नसेल तर खेळाच्या दुकानात गरम पाण्यात मऊ करून चावायचा मिळतो तो पण चालेल. ज्यांचे वरचे दात खूप पुढे आलेत त्यांना आधी द्या, पडायचा धोका त्यांनाच जास्त असतो.

प्रश्न: मुलगी दहा वर्षांची असताना आखाजीला झोक्यावरून पडली, पुढचा दात निघाला होता, दोन तासांनी डॉक्टरांनी बसवून दिला आणि रूट कॅनाल केलं. आता ती बारा वर्षांची आहे आणि तोच दात बाजूच्यापेक्षा आखूड दिसतो, वर चढल्यासारखा. दुखत नाही. डॉक्टर म्हणतात हाडाला चिकटलाय, कधीतरी जाईल. तिचे बाकीचे दात पण दाटीवाटीने आलेत, तार लावायची आहे. आम्ही तेव्हा बसवला तेच चुकलं का?
— एक आई, अमळनेर

उत्तर: ताई, अजिबात चुकलं नाही. त्या दाताने तुमच्या पोरीची दोन वर्षं हसतमुख काढली आणि तिथलं हाड धरून ठेवलं. दोन तास बाहेर राहिल्यामुळे मुळावरची गादी मेली, मग हाड थेट मुळाला चिकटलं आणि आता शरीर त्या मुळाचं हळूहळू हाड करतंय. वर चढल्यासारखा दिसतो पण दात वर गेलेला नाही, बाकीचे खाली आलेत. डॉक्टर दातावर ठोकून बघतात तेव्हा आवाज बाजूच्या दातांपेक्षा टणक येतो, त्यावरून कळतं.

हा दात तारेने ओढायचा प्रयत्न कोणी करू नये, तो येत नाही, उलट बाजूचे त्याच्याकडे ओढले जातात. आणि उपटून पण काढू नये, कारण चिकटलेला दात उपटताना पुढची हाडाची पातळ भिंत बरोबर येते आणि मग तिथे खोलगट खड्डा पडतो जो पुढे भरणं अवघड. याच्यासाठी स्वीडनच्या माल्मग्रेन यांनी 1984 साली एक पद्धत मांडली, दाताचा बाहेर दिसणारा भाग हाडाच्या कडेच्या किंचित आतपर्यंत कापून काढतात, मुळातलं जुनं भरलेलं साफ करून तिथे रक्त भरू देतात, हिरडी वरून बंद होते आणि मूळ आतल्या आत हाडात बदलत जातं. पोरगी वाढत असेल तर त्याच्यावर नवीन हाड पण येतं. दात एक मिलिमीटरच्या वर आखूड दिसायला लागला आणि पोरगी भराभर उंच होत असेल तर वेळ फार घालवायची नसते. कापलेला तिचाच दात मागून पंख लावून किंवा तारेला अडकवून परत जागेवर दाखवता येतो, शाळेत कोणाला कळणार पण नाही.

आता तुम्ही सहज लिहिलंय की दात दाटीवाटीने आलेत, ते माझ्या दृष्टीने फार कामाचं आहे. दाटी असली की तारेसाठी बऱ्याचदा छोट्या दाढा काढाव्या लागतात. त्यातली एक दाढ फेकून न देता पुढच्या दाताच्या जागी लावता येते. नॉर्वेत 1970च्या दशकापासून हे करतायत आणि चांगल्या हातांत नव्वद टक्क्यांच्या आसपास दात वर्षानुवर्षं टिकलेत. त्या दाढेचं मूळ साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश तयार झालेलं असलं पाहिजे, आणि बारा म्हणजे नेमकं तेच वय. तिला स्वतःची गादी असते म्हणून ती पोरीबरोबर वाढते, हाड तयार करते, नसेत पुन्हा जीव येऊ शकतो, नंतर कंपोझिटने तिला पुढच्या दाताचा आकार देतात. वाढत्या पोराला मिळू शकणारा याच्याइतका चांगला दात मला माहीत नाही. पण हे काम एकट्या डॉक्टरचं नाही, तार लावणारा, सर्जन आणि मुलांच्या दातांचा असे तिघे एकत्र बसले पाहिजेत, आणि ज्यांनी आधी केलंय त्यांच्याकडेच करायचं. म्हणून तार सुरू करायच्या आधी विचारा, एकदा दाढा काढून बादलीत गेल्या की हा रस्ता बंद.

प्रश्न: मी सतरा वर्षांची आहे, भुसावळला बारावीला. तेराव्या वर्षी गाडीवरून पडले तेव्हा मधल्या दाताच्या शेजारचा छोटा दात गेला. चार वर्षं प्लेट लावते, आता ती सैल झालीये, प्रॅक्टिकलच्या व्हायवाला बोलताना खाली पडली, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात आजीचं एकच चालू असतं, "दात नही त लगीन कसं व्हई." आईबाबा म्हणतात लवकर इम्प्लांट करून टाकू. करू का?

उत्तर: तू स्वतः पत्र लिहिलंस हे खूप चांगलं केलंस. प्लेट सैल झाली कारण तुझा जबडा तेरापासून वाढलाय आणि प्लेट तेवढीच राहिलीये, म्हणजे तुझी काही चूक नाही. चार वर्षं एकच प्लेट घालायची नसतेच, दर वर्ष-दीड वर्षाने बघून बदलायला पाहिजे होती, हे तुला कोणी सांगितलं नाही याचं वाईट वाटतं.

इम्प्लांटची घाई नको. सतराव्या वर्षी उंची थांबली असेल तरी वरचे पुढचे दात अजून थोडे खाली येत राहतात, आणि तुझ्यासमोर साठ वर्षं आहेत, त्या दाताला तेवढी वर्षं चांगलं दिसायचंय. तुझ्या केसमधे दोन रस्ते मला जास्त आवडतील. एक, एका पंखाचा मेरीलँड, छोट्या दातासाठी तर तो सगळ्यात छान चालतो आणि काही दिवसांत होतो, पुढची व्हायवा निवांत देशील. पंख सुळ्याला देणार की मधल्या दाताला ते तुझा चावा बघून ठरवतात. दुसरा, तुझे दात पुढे असतील किंवा दाटी असेल तर तारेने सुळा पुढे ओढून ती जागाच बंद करतात आणि सुळ्याला घासून-भरून छोट्या दातासारखं करतात. याला दीड-दोन वर्षं लागतात, पण नंतर तोंडात सगळं तुझं स्वतःचं असतं, कोणताही खोटा दात नाही, वय वाढेल तसं तेही बरोबर जातं. ऑर्थोच्या, म्हणजे तार लावणाऱ्या, डॉक्टरांकडून फक्त मत घे, मत घेतलं म्हणजे तार लावलीच पाहिजे असं नाही.

आजीला सांग की दात या महिन्यातच येतोय. आईबाबांना हे पान वाचायला दे. लग्नाच्या तारखेवरून इम्प्लांट ठरवणं मला कधीच पटलेलं नाही, तुझ्या जबड्याची वाढ कोणाच्या मुहूर्तासाठी थांबत नाही.

प्रश्न: 15 वर्षांच्या मुलाचा पुढचा दात क्रिकेटचा बॉल लागून हिरडीजवळ तुटला, मूळ आत आहे. काढून टाका म्हणतात. काढू का? — पारोळा

उत्तर: घाई करू नका, आधी मुळाचा एक्सरे घेऊन दुसरं मत घ्या. मूळ लांब आणि धड असेल तर रूट कॅनाल करून, तारेने थोडं खाली ओढून, त्याच्यावर दात बांधता येतो. तो पाच-सहा वर्षं चालला तरी पोरगं इम्प्लांटच्या वयाला पोचतं. बांधण्यासारखं नसेल तरी कधी कधी मूळ हिरडीखाली तसंच ठेवतात, हाड राहावं म्हणून.

प्रश्न: एवढे स्पेशालिस्ट आमच्यासारख्यांना परवडतील का? आमची हातावरची कमाई आहे. — शिंदखेडा

उत्तर: तुमच्या जवळ धुळ्यातच डेंटल कॉलेज आहे, नाशिकला आहे, छत्रपती संभाजीनगरला आणि मुंबईला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. कॉलेजमधे खर्च खाजगीपेक्षा बराच कमी येतो आणि मुख्य म्हणजे मुलांच्या दातांचा विभाग, तारेचा विभाग, सर्जरी, कृत्रिम दातांचा विभाग सगळे एकाच इमारतीत असतात, जे अशा केसला पाहिजेच असतं. वेळ लागतो, चकरा होतात, ते खरं आहे. सकाळी ओपीडी सुरू व्हायच्या वेळीच पोचा, इजा झाली त्या दिवसापासूनचे सगळे एक्सरे आणि केसपेपर एका पिशवीत ठेवा आणि पोराचा अपघाताआधीचा हसतानाचा एखादा फोटो बरोबर न्या, शाळेचा ग्रुप फोटो पण चालेल, दाताचा आकार त्यावरून काढता येतो.

प्रश्न: मुलाच्या प्लेटवरचा दात निखळला, त्याने फेविक्विकने चिकटवला आणि घालतोय. चालेल का? — शहादा

उत्तर: नाही चालणार, आजच काढायला सांगा. तो गोंद तोंडासाठी नसतो, हिरडीला जळजळ होते, आणि वाकडा चिकटलेला दात परत निखळून घशात जाऊ शकतो. प्लेट आणि दात दोन्ही डबीत घालून डॉक्टरांकडे न्या, नवीन करायची गरज पडेलच असं नाही, बऱ्याचदा लॅबमधे दुरुस्त होऊन लवकर परत मिळते.